बर्फाच्या उतारावर कोणी यावे?

समुद्राकाठच्या मुलांना बर्फ ठाऊक असतो तो गोळ्याचा, नाहीतर मासळीच्या टोपलीतला. भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या बाजूला, तारोडी नावाचे गाव आहे. तेथे आकाशातून बर्फ पडलेला कोणी पाहिलेला नाही. पण घसरण्याचा खेळ म्हणाल, तर तो किनाऱ्यावरच्या मुलांनाही चांगला माहीत असतो. माडाची वाळलेली झावळी घ्यायची, तिच्यावर धाकट्या भावंडाला बसवायचे आणि देठ धरून वाळूतून ओढत न्यायचे!

या खेळात ओढणारा थांबला की झावळीही थांबते. वाळूचे घर्षण तिला पुढे जाऊ देत नाही. म्हणून झावळीला ब्रेक हवा असे कोणाच्या मनातही येत नाही. आता हीच झावळी बर्फाने झाकलेल्या डोंगरउतारावर ठेवली तर काय होईल?

मुलांनो, हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. दर वर्षी महाराष्ट्रातून कितीतरी कुटुंबे गुलमर्ग, सोलंग, रोहतांग, औली अशा ठिकाणी बर्फ पाहायला जातात. तेथे उतारावर नाना तऱ्हेची साधने दिसतात. कोणी पायांना लांब फळ्या बांधून घसरतो. या फळ्यांना स्की म्हणतात. कोणी एकाच रुंद फळीवर आडवा उभा राहून जातो. ती फळी म्हणजे स्नोबोर्ड. कोणी लाकडी घसरगाडीत, म्हणजे स्लेजमध्ये बसतो. कोणी हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर आडवा पडतो, तर कोणी नुसत्या प्लॅस्टिकच्या कागदावर बसून खाली येतो.

ही सगळी साधने एकाच उतारावर असावीत काय? की स्कीसाठी राखलेल्या उतारावर फक्त स्कीच असाव्यात? जगभरच्या स्कीच्या मैदानांवर या प्रश्नावरून पुष्कळ वाद झाले आहेत. कोणी म्हणतो, "नवे ते सगळे धोक्याचे." कोणी म्हणतो, "बर्फ सर्वांचा, मग अडवता कशाला?" आपण या वादात एका बाजूने उडी घेण्यापूर्वी पदार्थविज्ञानाला विचारून पाहू या.

बर्फ निसरडा का?

बर्फावर पाय का घसरतो? याचे जुने उत्तर असे: वजनाच्या दाबामुळे बर्फ वितळतो, पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि त्यावरून आपण घसरतो. दाब वाढला की बर्फ शून्य अंशाच्या थोडे खालीच वितळतो, ही गोष्ट खरी आहे. १८८६ साली जॉन जोली या शास्त्रज्ञाने बर्फावरील चाकांच्या बुटांविषयी नव्हे, तर पातळ पात्यांच्या बुटांविषयी हेच स्पष्टीकरण दिले होते. पण स्कीला ते लागू पडते का? हिशेब करून पाहू.

समजा, एका माणसाचे वजन ६० किलोग्रॅम आहे. त्याची प्रत्येक स्की १६० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद आहे. दोन्ही स्कींचे मिळून क्षेत्रफळ झाले २५६० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर भार पडला सुमारे ०.०२३ किलोग्रॅम. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. त्याच्या चाळिसाव्या भागाइतकाही हा दाब नाही! आणि बर्फाचा वितळणबिंदू अवघा एक अंश खाली आणायचा, तर वातावरणाच्या सुमारे १३५ पट दाब लागतो. तेव्हा स्कीखाली नुसत्या दाबाने बर्फ वितळणे शक्य नाही.

मग बर्फ निसरडा होतो कसा? मायकेल फॅरडेने १८५० सालीच सुचवले होते, की गोठणबिंदूच्या खालीसुद्धा बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारे शेजारी नसतात, म्हणून ते आतल्या रेणूंपेक्षा मोकळे असतात. पुढे १९३९ साली बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले, की घसरताना घर्षणाने जी उष्णता निर्माण होते तिनेही बर्फाचा पृष्ठभाग वितळतो. म्हणजे गंमत पाहा, घर्षणच स्वतःला कमी करणारे वंगण तयार करते! फार कडक थंडीत मात्र हा थर नीट तयार होत नाही. ध्रुवप्रदेशांतील प्रवाशांनी लिहून ठेवले आहे, की अशा वेळी घसरगाडी वाळूतून ओढल्यासारखी जड जाते.

वेग किती वाढतो?

घर्षण किती आहे हे सांगण्यासाठी घर्षणगुणांक वापरतात. सपाट जागेवर एखादी वस्तू सरकवत ठेवायला तिच्या वजनाच्या कितवा भाग जोर लागतो, तो हा आकडा. मेण लावलेली स्की आणि बर्फ यांचा घर्षणगुणांक बहुधा ०.०३ ते ०.१ यांच्या दरम्यान असतो. आपण ०.०५ धरू. म्हणजे ६० किलोग्रॅमच्या माणसाला सपाट बर्फावर सरकवत ठेवायला फक्त ३ किलोग्रॅम भाराइतका जोर पुरे.

आता उतार घेऊ. उताराचा कोन सुमारे ३ अंश झाला, की गुरुत्वाकर्षणाची खालची ओढ घर्षणाच्या बरोबरीला येते. त्याहून थोडा जरी जास्त उतार असला, तरी सुटलेली वस्तू आपोआप थांबत नाही. तिचा वेग वाढतच जातो. तीन अंश म्हणजे किती? एक मीटर लांबीच्या फळीचे एक टोक पाच सेंटीमीटर उचलले तर होईल तेवढा! डोळ्यांना हा उतार जवळजवळ सपाटच वाटतो.

नवशिक्यांना साधा वाटणारा १५ अंशांचा उतार घ्या. त्यावरून ब्रेक न लावता ५० मीटर सरळ खाली आले, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास वेग ताशी सुमारे ५२ किलोमीटर होतो. पुढे अगदी सपाट जमीन लागली आणि घर्षण तेवढेच राहिले, तर थांबायला आणखी सुमारे २१० मीटर लागतील. ट्यूबचे घर्षण याच्या दुप्पट, म्हणजे ०.१ धरले, तरी ५० मीटरनंतर तिचा वेग ताशी ४५ किलोमीटर असतो आणि सपाटीवर थांबायला सुमारे ८० मीटर लागतात. आठ मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्याही वरून, खाली पडलेली वस्तू जमिनीला जवळजवळ याच वेगाने आदळते. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षातले आकडे काहीसे कमी येतील, पण धोका काय आहे ते त्यांवरून स्पष्ट दिसते.

म्हणून बर्फावर घसरणे ही कला नव्हे. ते काम गुरुत्वाकर्षण फुकट करून देते. खरी कला थांबण्याची आणि वळण्याची.

कड हाच ब्रेक

स्कीला चाके नाहीत, दट्ट्या नाही, ब्रेकची तार नाही. मग तिच्यावरचा माणूस थांबतो कसा? तो स्की उताराला आडव्या करतो आणि त्यांना डोंगराच्या बाजूला कलवतो. त्यामुळे स्कीचा सपाट तळ उचलला जातो आणि फक्त कड बर्फात रुतते. समजा, सगळा भार एकाच स्कीच्या कडेवर आला आणि कडेचा अर्धा सेंटीमीटर रुंदीचा पट्टा बर्फाला टेकला. आता क्षेत्रफळ झाले केवळ ८० चौरस सेंटीमीटर. दाब एकदम ३२ पट वाढला! ही कड बर्फ खरवडते, बाजूला ढकलते आणि त्या कामात माणसाची गतिज ऊर्जा खर्च होते.

या कडेला धार राहावी म्हणून ऑस्ट्रियातील रुडोल्फ लेटनर याने लाकडी स्कीला पोलादी पट्ट्या बसवल्या आणि १९२६ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, नॉर्वेच्या तेलेमार्क भागातील सोंद्रे नोर्हाइम याने मधे अरुंद आणि टोकांना रुंद अशा स्की लोकप्रिय केल्या. अशी स्की कलवली की तिची बाकदार कड बर्फावर टेकते आणि स्की आपोआप त्या बाकाच्या दिशेने वळते. थांबणे आणि वळणे या दोन्ही गोष्टी कडेच्याच जोरावर होतात, हे ध्यानात ठेवा.

करून पाहा

बर्फ नसला तरी कडेचे काम घरात पाहता येते. एका मोठ्या ताटात रवा किंवा कोरडी बारीक वाळू एक सेंटीमीटर जाडीची पसरा. लाकडी फूटपट्टी तिच्यावर सपाट ठेवा, पुढचे टोक किंचित उचला आणि पट्टी लांबीच्या दिशेने ओढा. ती सहज सरकेल. आता तीच पट्टी कडेवर तिरपी धरा आणि आडव्या दिशेने ओढा. पट्टीपुढे रव्याचा ढीग साचेल आणि हाताला चांगला विरोध जाणवेल. तुम्ही आत्ता ब्रेक लावलात!

नंतर डब्याचे गोल, गुळगुळीत झाकण घ्या. ते सपाट टेबलावर ठेवून टिचकीने ढकला. टिचकी थोडी जरी एका बाजूला लागली, तरी झाकण गिरक्या घेत जाते. त्याला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. कोणत्याही दिशेला सरकताना त्याला सारखाच विरोध होतो, म्हणून ते कोणतीच एक दिशा धरून राहत नाही. बर्फावरच्या ट्यूबची गत नेमकी अशीच असते. (रवा चाळून परत डब्यात ठेवायला विसरू नका.)

बांधलेल्या दोन स्की

आता इतिहासातील दोन गोष्टी ऐका. दोन्हींत दोन स्की एकत्र जोडल्या आहेत, पण परिणाम अगदी वेगळे झाले.

पहिली गोष्ट १८९४ सालची. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे आर्थर कॉनन डॉईल तेव्हा स्वित्झर्लंडमधील दावोस येथे राहत होते. स्की ही त्या वेळी आल्प्स पर्वतात अगदी नवखी वस्तू होती. नॉर्वेत तिचा वापर फार जुना, पण दावोसच्या लोकांना तो चमत्कारिक प्रकार वाटे. ब्रांगर नावाच्या दोन स्थानिक भावांबरोबर डॉईल स्कीवरून खिंड ओलांडून आरोसा या गावी गेले. वाटेत एक तीव्र उतार लागला. तेव्हा तिघांनी आपापल्या दोन स्की एकत्र बांधल्या आणि त्यांची घसरगाडी करून तिच्यावर बैठक मारली.

पुढे काय झाले ते डॉईल यांनीच एका मासिकात लिहून ठेवले आहे. वेग आवरण्यासाठी त्यांनी काठी मागे दाबली, तर गाडी आडवी फिरू लागली. मग टाचा बर्फात रोवल्या, तर ते स्वतःच मागे फेकले गेले. रिकामी गाडी बाणासारखी सुटली, पुढे असलेल्या दोघा भावांच्या जवळून सूं करत गेली आणि खालच्या उतारापलीकडे दिसेनाशी झाली! कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. स्की त्याच, माणूस तोच. पण बांधल्यावर त्यांच्या कडांचा उपयोग करता येईना आणि ब्रेक नाहीसा झाला.

दुसरी गोष्ट १९६५ सालची. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाचे अभियंते राहत होते. नाताळच्या दिवशी मुलींना खेळायला काहीतरी हवे, म्हणून त्यांनी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक रुंद फळी केली. मुली तिच्यावर बसल्या नाहीत, आडव्या उभ्या राहिल्या आणि घरामागच्या टेकाडावरून घसरल्या. पॉपेन यांच्या पत्नीने या खेळण्याला 'स्नर्फर' असे नाव दिले. पुढे त्याच्या टोकाला हातात धरायची दोरी आली. हाच आजच्या स्नोबोर्डचा पूर्वज. १९७७ पासून जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमॉंट राज्यात अशा फळ्या सुधारून बनवायला सुरुवात केली. हळूहळू पाय बांधण्याचे पट्टे आले, पोलादी कडा आल्या आणि उभा राहणारा माणूस शरीर कलवून फळी कडेवर घेऊ लागला. म्हणजे दोन स्कींच्या या जोडीला ब्रेक आणि सुकाणू दोन्ही मिळाले.

चार प्रश्न

या दोन गोष्टींवरून एक कसोटी तयार करता येते. कोणतेही साधन उतारावर आले, तर ते ओळखीचे आहे की विचित्र, हे विचारायचे नाही. विचारायचे ते असे:

१. बसलेल्या किंवा उभ्या माणसाला ते हवे तेव्हा थांबवता येते का?

२. पुढे कोणी आडवे आले तर त्याला वळवता येते का?

३. माणूस पडला आणि साधन सुटले, तर ते एकटेच खाली धावत जाते का?

४. ते वर कसे न्यायचे? ओढणाऱ्या दोरीच्या किंवा खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये ते इतरांना इजा न करता जाते का?

तिसरा प्रश्न सहज विसरला जातो. रिकामी स्की म्हणजे टोकदार फळी. ती ताशी ५० किलोमीटरने कोणाच्या पायावर आली तर हाड मोडते. पूर्वी स्की पट्ट्याने पायाला बांधत. पण पडताना तीच स्की बांधलेल्या माणसाला लागे. म्हणून १९७० नंतरच्या काळात स्कीला स्प्रिंगचे ब्रेक आले. बूट सुटला की दोन दांडे खाली येतात आणि बर्फात रुततात. स्नोबोर्ड पडतानाही पायाला बांधलेलाच राहतो. मात्र तो काढून जमिनीवर ठेवताना उलटा ठेवावा लागतो, म्हणजे पट्टे बर्फात रुततात आणि बोर्ड पळत नाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ साली उतारावरील वागणुकीचे नियम केले. ते संख्येने दहा आहेत आणि आता स्नोबोर्डवाल्यांनाही लागू आहेत. त्यांतला एक नियम सांगतो, की प्रत्येकाने आपला वेग ताब्यात ठेवला पाहिजे. दुसरा सांगतो, की मागून येणाऱ्याने अशी वाट निवडावी की पुढच्याला धोका होणार नाही. खाली जाणाऱ्याला मागचे दिसत नाही, तेव्हा जबाबदारी मागच्याची. ज्या साधनाला ब्रेक आणि सुकाणू नाही, त्याच्यावर बसलेला माणूस कितीही शहाणा असला तरी हे दोन नियम पाळणार कसा?

एकेकाची परीक्षा

आता ही कसोटी लावून पाहू.

स्नोबोर्ड चारही प्रश्नांत उत्तीर्ण होतो. त्याच्या अडचणी नाहीत असे नाही. आडवे उभे राहिल्यामुळे एका बाजूचे वळण घेताना पाठीमागचा भाग दिसत नाही. दोरीने ओढणाऱ्या लिफ्टवर त्याला जास्त सराव लागतो. त्यावरून पडणाऱ्यांची मनगटे अधिक दुखावतात, तर स्कीवाल्यांचे गुडघे. पण या अडचणी शिकण्याने आणि काळजीने कमी होतात. ज्याला शिकण्याने काबूत आणता येते, त्याला उतारावर जागा असायला हरकत नाही.

स्की-सायकल हा आणखी एक अजब प्रकार. चाकांच्या जागी दोन छोट्या स्की लावलेली ही सायकल! अमेरिकेत तिच्यासारख्या यंत्राचे पेटंट १८९२ सालीच निघाले होते. तिला हॅंडल असते, ती कलवून कडेवर घेता येते आणि स्वाराच्या पायांनाही आखूड स्की असतात. ती थांबते आणि वळतेही. मात्र ती पडली तर सुटू नये म्हणून दोरी हवी आणि लिफ्टच्या खुर्चीला ती अडकवण्याची सोय हवी. म्हणून जेथे सोय आहे तेथे तिला परवानगी, नाही तेथे नाही, असा व्यवहार दिसतो.

बैठी स्की पाहिली तर आणखी नवल वाटेल. एका स्कीवर स्प्रिंग बसवलेली खुर्ची आणि दोन्ही हातांत टोकाला चिमुकल्या स्की लावलेल्या कुबड्या. ज्यांचे पाय चालत नाहीत अशी माणसे तिच्यावर बसून उंच उतारावरून सफाईने खाली येतात. हिवाळी पॅरालिंपिक स्पर्धा १९७६ साली स्वीडनमध्ये सुरू झाल्या आणि पुढे त्यांत बैठ्या स्कीलाही मानाचे स्थान मिळाले. "दिसायला वेगळे, म्हणून बंद" असा नियम केला, तर सर्वांत आधी या खेळाडूंची वाट अडेल. त्यांची स्की मात्र कडेवर वळते, कडेवर थांबते.

लाकडी स्लेजचे काय? गुलमर्गला स्लेजवाला आपल्या बुटांनी बर्फ खरवडत वेग आवरतो. म्हणजे ब्रेक आहे, पण तो त्या माणसाच्या पायांत आहे, गाडीत नाही. मंद उतारावर, जाणत्या माणसाबरोबर ठीक. दाट वर्दळीच्या किंवा तीव्र उतारावर नाही. स्लेजला स्वतःची वेगळी वाट असेल तर तिच्यावर ती फार वेगानेही जाऊ शकते. मनालीजवळचे शिवा केशवन हे 'ल्यूज' नावाच्या घसरगाडीवर पाठीवर झोपून जाणारे खेळाडू. १९९८ ते २०१८ या काळात ते सहा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. भारतात बर्फाची धाव नव्हती, म्हणून त्यांनी घसरगाडीला चाके लावून हिमालयातील घाटरस्त्यांवर सराव केला! ल्यूजचा वेग ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातो. पण ती धावते भिंतींनी बंदिस्त केलेल्या बर्फाच्या नळीसारख्या मार्गावर, एका वेळी एकच. स्कीच्या उतारावर तिला कोणी सोडत नाही.

राहिली रबरी ट्यूब, थाळी, प्लॅस्टिकचा कागद आणि मोठा पारदर्शक चेंडू. पहिल्या दोन प्रश्नांतच ही मंडळी नापास होतात. २०१३ च्या जानेवारीत रशियातील काकेशस पर्वतात, दोंबाई येथे, दोन माणसे हवेच्या मोठ्या चेंडूत बसून स्कीच्या उतारावरून गडगडत निघाली. चेंडू ठरलेली वाट सोडून बाजूला वळला आणि दरीत गेला. त्यांपैकी एक जण दगावला. आत बसलेल्यांच्या हाती काहीच नव्हते.

मग ट्यूबची मजा घ्यायचीच नाही का? अवश्य घ्यावी. पण साधनात ब्रेक नसेल तर तो जमिनीत हवा. अनेक ठिकाणी ट्यूबसाठी वेगळी पन्हळ खोदतात, दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध घालतात आणि शेवटी लांब सपाटी किंवा उलटा चढ ठेवतात. काही ठिकाणी खाली रबरी चटया अंथरतात. तेथे दिशा बांध ठरवतो आणि थांबवण्याचे काम चढ करतो. आपण वर काढलेला ८० मीटरचा आकडा आठवा. एवढी मोकळी जागा नसेल तर चढ किंवा चटई हवीच.

बंदी कशासाठी?

स्नोबोर्ड आला तेव्हा अमेरिकेतील बहुतेक स्की-मैदानांनी त्याला दार बंद केले होते. व्हरमॉंटमधील स्ट्रॅटन या मोठ्या मैदानाने १९८३ साली त्याला प्रवेश दिला. मग एकेक करून बाकीची मैदाने उघडली. १९९८ साली जपानमधील नागानो येथे स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. न्यू मेक्सिको राज्यातील ताओस मैदानाने २००८ साली बंदी उठवली. आजही अमेरिकेत आल्टा, डियर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी स्नोबोर्डला मनाई आहे.

आल्टाची जमीन बव्हंशी सरकारी वनखात्याची आहे. म्हणून २०१४ साली काही स्नोबोर्डवाल्यांनी न्यायालयात दाद मागितली, की सरकारी जमिनीवर आम्हाला वेगळी वागणूक का? २०१६ साली वरिष्ठ न्यायालयातही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. न्यायालयाचे म्हणणे असे, की हा निर्णय सरकारचा नसून मैदान चालवणाऱ्या खासगी कंपनीचा आहे. बोर्ड धोक्याचा की बिनधोक, याचा निवाडा त्यात झाला नाही.

येथे दोन प्रकारच्या नियमांतला फरक ओळखायला हवा. "आमच्याकडे फक्त स्कीवालेच येतात, त्यांना तेच आवडते" हा आवडीचा नियम. तो कोणी करू शकतो, पण त्याला विज्ञानाचे नाव देऊ नये. "ब्रेक नसलेले साधन या उतारावर आणू नये" हा सुरक्षिततेचा नियम. तो आकड्यांनी आणि प्रयोगांनी तपासता येतो. १८९४ साली स्कीच विचित्र होती, १९६५ साली स्नोबोर्ड विचित्र होता. विचित्रपणा काळाबरोबर जातो. पण तीन अंशांच्या उताराचा हिशेब १८९४ सालीही तोच होता आणि आजही तोच आहे.

तुम्ही गेलात तर

सुट्टीत बर्फात जाण्याचा योग आला, तर एवढे लक्षात ठेवा. ट्यूब किंवा स्लेज भाड्याने घेण्यापूर्वी उतार खालपर्यंत पाहा: शेवटी मोकळी सपाटी आहे, की खडक, झाडे, गाड्या, दुकाने आहेत? पोटावर, डोके पुढे करून घसरू नका. आई-बाबांनी लहान भावंडाला मांडीवर घेतले म्हणजे ब्रेक लागला असे नव्हे. वजन वाढले तरी वेग जवळपास तेवढाच राहतो आणि धडक मात्र जास्त जोराची बसते. उतारावरून वर चालत यायचे तर मधून येऊ नका, कडेने या. बुटांचे खड्डे पडलेला बर्फ मागून येणाऱ्या स्कीवाल्याला पाडतो. आणि डोक्यावर शिरस्त्राण असेल तर उत्तमच.

तोवर हे चार प्रश्न आपल्या भोवतालच्या साधनांना लावून पाहा. उड्डाणपुलाच्या उतारावरची हातगाडी, चाकांची स्केटिंगची फळी, ब्रेकचे रबर झिजलेली सायकल, वाळूत ओढायची झावळी. यांतली कोणती उत्तीर्ण होतात, कोणती नापास, आणि नापास झालेल्यांना उत्तीर्ण करायला काय बसवावे लागेल, याची एक यादी वहीत करा. वर्गात ती वाचून दाखवलीत, तर वाद नक्की होईल. मात्र वाद घालताना प्रत्येकाने आपला आकडा सांगितला पाहिजे!